खिडकीवरची खार: सहा महिन्यांच्या मुक्कामावर आलेल्या ज्येष्ठांसाठी मार्गदर्शिका

१. व्याप्ती व उद्देश

सदर मार्गदर्शिका न्यू जर्सीत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या निवृत्त गृहस्थांना लागू राहील. जेट लॅग उतरतो, नातवंडं शाळेत जातात, मुलगा आणि सून आपापल्या खोलीत लॅपटॉपशी बोलत बसतात आणि समोरच्या रस्त्यावर कुरियरची गाडी सोडली तर काही हलत नाही. अशा वेळी सूनबाई एक खोका आणून हातात ठेवतात. "बाबा, तुम्हाला पक्षी आवडतात ना?"

खोक्यात पारदर्शक ॲक्रिलिकचं एक खोपटं आणि तीन सक्शन कप निघतात. ते बाहेरून काचेला चिकटवायचं, त्यात दाणे घालायचे आणि आत बसून चहा पीत पक्षी बघायचे, अशी मूळ योजना असते. मूळ योजनेत खारीचा उल्लेख नाही. ही उणीव भरून काढणे हा या मार्गदर्शिकेचा उद्देश.

२. प्रतिपक्षाची ओळख

इथली करडी खार म्हणजे आपल्या अंगणातली खार नव्हे. आपली मुठीत मावते. हिचं वजन चारशे ते सहाशे ग्रॅम भरतं. शिवाय हिची पाठ कोरी आहे. पाठीवर रामाची बोटं नाहीत, त्याअर्थी सेतूच्या कामावर ही हजर नव्हती. तेव्हा धार्मिक कारणावरून सवलत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. "अहो, भूक लागली असेल बिचारीला" असा आक्षेप घरातून येईल. तो नोंदवून घ्यावा.

प्रतिपक्षाची क्षमता पुढीलप्रमाणे. जमिनीवरून सरळ वर चार-पाच फूट उडी. आडवी आठ-दहा फूट. मागच्या पायांचे घोटे पूर्ण उलटे फिरतात, त्यामुळे झाडावरून किंवा भिंतीवरून डोकं खाली ठेवून आरामात उतरता येतं. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ते झिजवायला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. त्या 'काहीतरी'त आपलं ॲक्रिलिकचं खोपटं धरावं. कोणी बघत असेल तर दाणा पुरल्याचं नुसतं नाटक करायचं आणि तो तोंडात ठेवूनच पुढं जायचं, ही चालही पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नोंदवली आहे. ज्यांनी नोकरीत टेंडरं हाताळली आहेत त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

आणखी एक बाब कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची. शहरातली खार घुसखोर नाही. १८४७ साली फिलाडेल्फियातल्या फ्रँकलिन स्क्वेअर या चौकात खारी मुद्दाम आणून सोडल्या, बागेला शोभा यावी आणि लोकांनी हौसेने दाणे घालावेत म्हणून. पुढे इतर शहरांनी तोच कित्ता गिरवला. म्हणजे माणसाच्या हातचा दाणा खाण्याची हिची पावणेदोनशे वर्षांची वहिवाट आहे. आपला इथला मुक्काम पाहुण्याच्या व्हिसावर आहे, हे दावा दाखल करण्यापूर्वी ध्यानात घ्यावं.

३. पूर्वदाखले

आपल्याआधी कोण कोण या मोहिमेवर गेलं, याची माहिती असलेली बरी. निदान पराभव एकट्याचा वाटत नाही.

ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरवलं. १९५५ साली ते राष्ट्राध्यक्ष असताना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर त्यांचं गोल्फचं पटिंग ग्रीन खारींनी उकरून ठेवलं. खारी पकडून दूर नेऊन सोडण्याचं काम सुरू झालं, तेव्हा ओरेगनचे सिनेटर रिचर्ड न्यूबर्गर यांनी खारींच्या बचावासाठी चक्क फंड काढला. हिटलरच्या बाजूने सिनेटमध्ये कोणी फंड काढला नव्हता.

१९८७च्या डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या एका खारीने विजेच्या यंत्रणेत शॉर्ट सर्किट केलं आणि नॅसडॅकचा शेअर बाजार सव्वा तासाहून अधिक वेळ बंद पडला. तेव्हा मुलगा वित्तक्षेत्रात असेल तर त्याने या प्रकरणात फार हसू नये.

मार्क रोबर हे नासात असताना मंगळावर गेलेल्या क्युरिऑसिटी गाडीच्या कामावर होते. २०२० साली त्यांनी आपल्या बॅकयार्डात खारींसाठी अडथळ्यांची एक लांबलचक शर्यत उभारली. मंगळावर गाडी उतरली, बॅकयार्डात खारी अक्रोडांपर्यंत पोचल्या. दोन्ही मोहिमा यशस्वी म्हणायला हरकत नाही.

४. जागेची निवड

इथल्या पक्षीप्रेमींमध्ये पाच-सात-नऊचा नियम प्रचलित आहे. फीडर जमिनीपासून निदान पाच फूट वर हवा, जिथून उडी मारता येईल अशा कुठल्याही वस्तूपासून सात फूट दूर हवा आणि वरच्या फांदीपासून किंवा छपरापासून नऊ फूट खाली हवा. मोजमापासाठी मुलाच्या गॅरेजमधला टेप घ्यावा. त्यावर फक्त इंच आहेत म्हणून कुरकुरू नये.

आता घराभोवती एक फेरी मारावी. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली डेकचा कठडा आहे. बैठकीच्या खिडकीला मेपलची फांदी आहे. नातवाच्या खोलीच्या खिडकीशेजारून पावसाच्या पाण्याचा नळ थेट छपरापर्यंत गेला आहे. नियमात चोख बसणारी खिडकी सबंध घरात एकच निघते: वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची, आणि तिची काच धुरकट. तिथे फीडर लावल्यास खार येणार नाही आणि आपल्याला पक्षीही दिसणार नाहीत. हा तांत्रिकदृष्ट्या संपूर्ण विजय आहे. ज्यांना तेवढ्याने समाधान होईल त्यांनी मार्गदर्शिका इथेच बंद करावी.

खारीपासून लांब म्हणून फीडर खिडकीपासून दहा-पंधरा फुटांवर टांगावा, असं सुचवणारा कोणी भेटेल. त्याला सांगावं की तिथून घाबरून उडालेला पक्षी भर वेगात काचेवर आपटतो. काचेला चिकटून किंवा तीन फुटांच्या आत फीडर असला तर पक्ष्याला तेवढा वेगच घेता येत नाही. म्हणजे खिडकीवरचा फीडर पक्ष्यांना सोयीचा आहे. खारीचंही तेच मत आहे.

५. बसवण्याची कृती

काच आधी साबणाने, मग कोरड्या फडक्याने स्वच्छ करावी. सक्शन कप गरम पाण्यात बुडवून, किंचित ओले असतानाच दाबून बसवावेत. गार आणि धुळकट कप टिकत नाहीत. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला बहुधा बाहेरून जाळी असते, म्हणून फीडर वरच्या अर्ध्या काचेवर जातो. म्हणजे शिडी आली.

शिडीबद्दल स्वतंत्र सूचना: प्रवासी विम्याची कागदपत्रं मुलाने कुठल्याशा फोल्डरमध्ये ठेवलेली असतात. ती शोधून पूर्ण वाचावीत. वाचून होईपर्यंत शिडीवर चढायचा उत्साह मावळतो, आणि या वयात विम्याचा तोच खरा फायदा.

६. दाण्यांचं धोरण

सूर्यफुलाचं बी सगळ्या पक्ष्यांना आवडतं म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. खारीलाही तेच सगळ्यात जास्त आवडतं, हे तो पैसे घेतल्यावर सांगतो. त्याऐवजी पुढील पर्याय आहेत.

करडई: लाल कार्डिनल पक्षी ती आवडीने फोडतात, टणक कवच आणि कडसर चव यामुळे बऱ्याच खारी तिच्या वाटेला जात नाहीत. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माणसाला करडईची पिशवी पक्ष्यांच्या खाद्याच्या रांगेत, काटेरी झाडाचा मागमूसही नसलेल्या चकचकीत वेष्टनात दिसली की भरून येतं. पण पिशवीवरची किंमत रुपयांत करू नये. केल्यास हातातली पिशवी परत जागेवर जाते.

कारळे: होय, चटणीचेच. इथे ते नायजर नावाने मिळतात आणि मुख्यतः इथिओपियाहून आणि आपल्याकडून येतात. सोबत अमरवेलीसारख्या तणांचं बी येऊन इथे रुजू नये म्हणून ते आयात करताना भाजून निर्जीव करावे लागतात. खारीला त्यांची फारशी गोडी नाही. गोल्डफिंच नावाचा पिवळाधमक पक्षी मात्र त्यांवर तुटून पडतो. १९३५पासून न्यू जर्सीचा राज्यपक्षी असलेल्या या प्राण्याचा आहार आपल्या सोलापुरी डब्यातला आहे, ही गोष्ट शेजाऱ्याला आवर्जून सांगावी. शेजारी "वाव" म्हणेल आणि गाडीत बसेल.

तिखट: पक्ष्यांना मिरचीचा जाळ जाणवत नाही, सस्तन प्राण्यांना जाणवतो. मिरचीचं बी दूरवर नेण्याचं काम निसर्गाने पक्ष्यांकडे सोपवलं आहे, ही त्यामागची व्यवस्था. त्यामुळे दाण्यांना तिखट लावण्याचा उपाय शास्त्रशुद्ध ठरतो. मात्र पूड नुसती भुरभुरवू नये. वाऱ्याबरोबर ती प्रथम भुरभुरवणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. तेलात कालवून दाण्यांना चोळावी. मसाल्याचा डबा यासाठी विचारल्याखेरीज उघडू नये. संकेश्वरी मिरचीचं तिखट सामानात वजन मोजून आणलेलं असतं आणि त्याच्या मालकीणबाई तुम्ही नव्हेत. आणि काही खारींना कालांतराने त्या चवीची सवय होते, याची मानसिक तयारी ठेवावी.

७. यांत्रिक उपाय व मनाई

वजनाने मिटणारा फीडर मिळतो. गोल्डफिंचचं वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, कार्डिनलचं साधारण पंचेचाळीस. अर्धा किलोचा जीव दांडीवर बसला की स्प्रिंग दबून दाण्यांची झडप बंद होते. तत्त्व निर्दोष आहे. खार मात्र दांडीवर बसत नाही. मागच्या पायांनी वर लटकून, दांडीला अंग न लावता, ती उलटी खाते.

प्लॅस्टिकचं घुबड: पहिले काही दिवस दबदबा राहतो. नंतर ते जागचं हलत नाही हे सर्वांच्या लक्षात येतं. निवृत्त अधिकाऱ्यांनी हा प्रयोग टाळावा, मनाला लागतो.

ग्रीस, तेल, व्हॅसलीन: सक्त मनाई. पक्ष्यांच्या पिसांना लागलं की पिसं चिकटतात. मग ना ऊब राहते ना उडता येतं.

पिंजऱ्यात पकडून दूरच्या पार्कात सोडणे: अनेक राज्यांत बेकायदा. आयझेनहॉवरांनाही पचलं नाही, आपण तर पाहुणे.

काचेवर टिचकी मारणे: निरुपयोगी. काच म्हणजे काय आणि आपण तिच्या कुठल्या बाजूला आहोत, हे खारीला नेमकं ठाऊक असतं.

८. प्रत्यक्ष पाहणी

उपाययोजना झाल्यावर सकाळी खिडकीशी बसून निरीक्षण करावं. खार येते ती नळावरून, नखांची बारीक टकटक करत. मग मागच्या पायांनी चौकटीची वरची कड पकडून ती खाली सुटते आणि तिचं पांढरं पोट काचेला सपाट चिकटतं, इतकं जवळ की श्वासागणिक हलणारी लव दिसते. पुढच्या पंज्याला चारच बोटं. त्यांत धरलेलं सूर्यफुलाचं बी ती गर्रकन फिरवते, टोकाला दात लावते, कवचाचे दोन तुकडे खाली पडतात. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे मान न वळवता ती बी सोलताना आपल्याकडेही बघत असते. कपातल्या चहावर साय धरते. सक्शन कप मात्र जागचा हलत नाही, कारण तो तुम्ही नियमानुसार बसवला आहे.

पाहणीची नोंद रोज वहीत करावी: वेळ, हवामान, प्रतिपक्षाचा मार्ग, घेतलेली कारवाई. या गावात फोन केल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. सकाळपासून न कळवता दारी येणारी, बसणारी, खाऊन जाणारी ही एकटीच आहे. तिच्याविरुद्धची कारवाई संपली तर वहीत लिहिण्यासारखं काय उरेल, याचा विचार कारवाई फार परिणामकारक करण्याआधी करावा.

९. गृहांतर्गत शिस्त

नातवंडांना खारीचं नाव ठेवू देऊ नये. एकदा ती 'चिंगी' झाली की मोहीम नैतिकदृष्ट्या संपली. मग तिखटाचा डबा घरातलीच माणसं लपवतात.

होम ओनर्स असोसिएशनचे नियम वाचून घ्यावेत. फीडरला परवानगी नसेल तर हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहिता तसं सविस्तर पत्र लिहू नये. पत्रावर सही मुलाची करावी लागते.

राज्याच्या वायव्य भागात घर असल्यास अस्वलांचाही विचार करावा. तिकडे फीडर अस्वलं झोपलेली असतात त्या हिवाळ्यातच लावावा, असा सल्ला आहे; म्हणजे नेमका आपला मे ते ऑक्टोबरचा मुक्काम सोडून. अस्वल आल्यास या मार्गदर्शिकेतला कुठलाही उपाय करू नये.

१०. कार्यभार हस्तांतरण

परतीच्या आदल्या आठवड्यात वही, करडईची उरलेली पिशवी आणि सक्शन कपांची निगा मुलाला समजावून द्यावी. तो मान डोलावेल. कॅमेरा बसवू म्हणेल. पुण्याला पोचल्यावर व्हिडिओ कॉलवर प्रकृतीची चौकशी उरकताच तुम्ही "फोन जरा खिडकीकडे ने" असं म्हणाल, हे त्याला ठाऊक असतं.

पुढच्या वारीची तारीख ठरवताना एक शास्त्रीय बाब विचारात घ्यावी. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं की करड्या खारीने सोडवलेलं कोडं तिला २२ महिन्यांनंतरही आठवतं. तेव्हा तिकिटं त्याच्या आतली काढावीत. फार उशीर केला तर तिला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल.