न्यूफाउंडलंडचा कोट, उमरखेडचं ऊन

कुत्र्यांच्या निगेवरच्या पुस्तकांत खुराक, लस, जंत, आंघोळ अशी सगळी प्रकरणं असतात. मालक कुठल्या गावात राहतो, हे प्रकरण मात्र नसतं. माझं म्हणणं असं, की निम्मी निगा कुत्रं घरी आणण्याआधीच होते किंवा बिघडते, आणि उमरखेडात ती बिघडते, कारण आणला जातो लॅब्रॅडॉर. याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर बर्फाळ पाण्यात उतरून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणायचे. पुढं इंग्रज शिकाऱ्यांनी त्यांना गोळी लागून पडलेली बदकं न चावता उचलून आणायला लावलं, आणि 1903 साली इंग्लंडातल्या केनेल क्लबनं जातीवर शिक्का मारला. म्हणून याच्या अंगावर केसांचे दोन थर: आतला दाट, मऊ, बाहेरचा तेलकट, पाणी न शिरू देणारा. बोटांमध्ये पडदे, शेपूट जाड, पोहताना वल्ह्यासारखी चालणारी. एवढा सरंजाम घेऊन हा जीव पैनगंगेच्या खोऱ्यात उतरतो. इथं मे महिन्यात पारा 42च्या वर, आणि बदकाचं सोडाच, आधी पाणीच शोधून आणायला कुणाला तरी धाडावं लागतं.

‘आमच्याकडे कूलर आहे’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. कूलर विजेवर चालतो, हा मुद्दा उन्हाळ्यात फार ताणणं बरं नाही. पण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांत येतो तेवढाच. बाकी सगळा कारभार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर, आणि बंद खोलीत कूलरनं हवा दमट केली की धापांचा उपयोग घटतो. मग कुणी सुचवतो, केस भादरून टाका. ते तर त्याहून वाईट: तोच कोट कातडीला थेट उन्हापासून वाचवतो. त्यापेक्षा रोज विंचरून आतले गळलेले केस काढा, फिरवणं सूर्य उगवायच्या आत उरका आणि डांबरी रस्त्यावर न्यायच्या आधी आपला तळहात टेकवून पाहा. खाण्याचं तर विचारूच नका. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं, की सुमारे एकचतुर्थांश लॅब्रॅडॉरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. अशा प्राण्यापुढं पाहुणचाराची हौस असलेलं वऱ्हाडी घर ठेवलं, की वजन कुठं थांबणार? आणि चरबी वाढली की ऊन आणखी बाधतं.

शिकारी जातीचंच कुत्रं हवं असेल तर आपल्या दख्खनचा कारवान आहे. लातूर जिल्ह्यातलं जानवळ त्यासाठी प्रसिद्ध. याच कुळातल्या मुधोळला तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलं आणि 2005 साली टपाल खात्यानं तिकिटावर बसवलं. आखूड केस, पातळ कातडी, खोल छाती, आत ओढलेलं पोट. उष्णता साठवायला अंगावर जागाच नाही. शेजारी म्हणतील, याला खायला घालत नाही वाटतं, म्हणू द्यात. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. चरबी कमी म्हणून काही भुलीची औषधंही याच्या अंगातून उशिरा उतरतात, हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगावं. खरा आक्षेप वेगळाच आहे. सशामागं धावणं हे याचं काम, आणि वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार गुन्हा ठरवली आहे. म्हणजे तिकिटावर चढलेला हा गडी कायद्यानं बेकार! त्याला रोज पळवायचं ते कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत. पैनगंगा अभयारण्याच्या शेजारी पट्टा सोडला, तर रोह्यामागं तो जाईल आणि त्याच्यामागं वनखातं. शिवाय तो अनोळखी माणसाच्या अंगावर लाडानं चढत नाही; पाहुण्यांना कौतुकाचं खेळणं हवं असलेल्या घरी हे खपत नाही.

एवढं ऐकून एखादा चतुर विचारतोच: मग ऊन सोसायचंच असेल, तर चौकातलं गावठी काय वाईट? काहीच नाही. माझा सगळा युक्तिवाद ओढत नेला तर तिथंच जाऊन बसतो. अडचण एवढीच, की त्याला विकत घेता येत नाही, आणि फुकटच्या कुत्र्याची किंमत चारचौघांत सांगायची कशी?