कर्ता लपवा, विशेषण चिकटवा
इंग्रजीच्या नवशिक्यांसाठी एक उपयुक्त पाठमाला

शाळेत इंग्रजीचा कर्मणी प्रयोग शिकवतात तो उंदीर-मांजराच्या जिवावर. मांजराने उंदीर मारला, उंदीर मांजराकडून मारला गेला. वाक्य उलटं करायचं, मध्ये 'वॉज' घालायचं, शेवटी 'बाय' लावून मांजराला कोपऱ्यात बसवायचं आणि दोन गुण घ्यायचे. पुढे नोकरीला लागल्यावर लक्षात येतं, की मोठी माणसं 'बाय'नंतरचं मांजर लिहीतच नाहीत. ती लिहितात, 'द रॅट वॉज फाउंड डेड.' उंदीर मेलेला आढळला. मांजर सुटलं, वाक्यही शुद्ध राहिलं. कर्मणी क्रियापद आणि त्याच्या पाठीला पाठ लावून एक विशेषण, एवढ्या भांडवलावर इंग्रजीत केवढा कारभार चालतो, ते नवशिक्याला कोणी सांगत नाही. ते इथे सांगायचं आहे.

आधी बांधणी. कर्म आणि त्यामागे विशेषण असलेलं कर्तरी वाक्य निवडा: 'दे पेंटेड द डोअर रेड.' त्यांनी दार रंगवून लाल केलं. दार आधी लाल नव्हतं, रंगवल्यामुळे झालं, म्हणून 'रेड' दाराच्या आधी न येता नंतर आलं. आता 'दे' काढून टाका, दार पुढे आणा: 'द डोअर वॉज पेंटेड रेड.' विशेषण जागचं हललं नाही. आपल्या वाक्यपृथक्करणात ज्याला विधानपूरक म्हणतात, तेच हे. रंगारी कुठे गेला, असं विचारणाऱ्याला इंग्रजी येत नाही असं समजावं.

नवशिक्याला इथे एक खाज सुटते. क्रियापदाच्या शेजारी शब्द आला, म्हणजे तो क्रियाविशेषण असणार, असं समजून तो शेपटाला 'ली' जोडतो. जोडू नये. 'द एग वॉज बॉइल्ड हार्ड' म्हणजे अंडं घट्ट उकडलं. 'द एग वॉज हार्डली बॉइल्ड' म्हणजे ते जेमतेम पाण्याला लागलं आणि आता बशीभर पसरणार आहे. विशेषण अंड्याबद्दल बोलतं, क्रियाविशेषण उकडण्याबद्दल. आरोपी 'गिल्टी' सापडतो, 'गिल्टिली' सापडत नाही. 'गिल्टिली' काही करायचंच तर ते न्यायाधीशाला करावं लागेल.

दुसरी अडचण 'अ‍ॅज'ची. 'कन्सिडर्ड ऑनेस्ट' चालतं, 'डीम्ड ऑनेस्ट' चालतं, पण 'रिगार्डेड' म्हटलं की मध्ये 'अ‍ॅज' लागतोच. आपण नेमकं उलट करतो, 'कन्सिडर्ड'ला 'अ‍ॅज' देतो आणि 'रिगार्डेड'ला उपाशी ठेवतो. यामागचं कारण विचारण्यात वेळ घालवू नये. तसंच, गोळीने मेलेला माणूस 'शॉट डेड' होतो, पण सुऱ्याने मेलेल्याला हे विशेषण सहसा मिळत नाही, तो 'स्टॅब्ड टू डेथ' होतो. बंदुकीला विशेषण, सुऱ्याला शब्दयोगी अव्यय. इंग्रजांनी हत्यारांतही वर्णव्यवस्था ठेवली आहे.

आता थोडं बारकाईने पाहू, कारण वरून सारखी दिसणारी ही वाक्यं आतून सारखी नसतात. 'शॉट डेड'मध्ये क्रियेमुळे विशेषण मिळालं. 'बरीड अलाइव्ह'चा साचा तोच, पण जिवंतपणा पुरल्यामुळे आलेला नाही. तो आधीपासून होता, आणि क्रियेनंतर फार टिकणाराही नाही. 'ईटन रॉ', 'सर्व्ह्ड चिल्ड' यांतलीही विशेषणं अशीच आधीची. सरबताच्या बाटलीवर 'बेस्ट सर्व्ह्ड चिल्ड' असं छापलेलं असतं. वाढणारा कोण, गार करणारा कोण, याचा पत्ता नसतो. ती दोन्ही कामं तुमची आहेत. आपल्या रुग्णालयांतला 'ब्रॉट डेड' याच जातीचा, आणि त्यातला क्रम फार महत्त्वाचा. आणण्याच्या वेळी 'डेड' लागलेलं होतं, आमच्या दारात लागलं नाही, एवढं सगळं त्या दोन शब्दांत सांगून होतं. वर्तमानपत्रं त्यावर आणखी एक मजला चढवतात: 'वॉज डिक्लेअर्ड ब्रॉट डेड.' एका मृतावर दोन कर्मणी क्रियापदं आणि कर्ता एकही नाही.

इथवर आलात तर खरा माल आता पाहा. वर आलेल्या 'कन्सिडर्ड' आणि 'डीम्ड'च्या घराण्यातली ही क्रियापदं. काही करत नाहीत, फक्त ठरवतात: फाउंड, हेल्ड, डिक्लेअर्ड, प्रिझ्यूम्ड. यांच्यामागे आलेलं विशेषण कुणाचं तरी मत असतं, पण दिसतं एखाद्या वस्तूच्या अंगच्या रंगासारखं. यात सगळ्यांत बेरकी 'फाउंड'. 'ही वॉज फाउंड गिल्टी' म्हणताना असा आव असतो, की दोष त्याच्या खिशात पडलेलाच होता, कोर्टाने फक्त हात घालून बाहेर काढला.

मुंबईत १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळक 'फाउंड गिल्टी' झाले. आता वाक्याच्या मागे जाऊन पाहा. ज्युरीत नऊ जण होते. सातांना दोष सापडला, दोघांना त्याच पुराव्यात तो सापडला नाही. सात युरोपियन होते आणि दोन हिंदी, एवढं सांगितलं की कोणाला काय सापडलं असेल ते वेगळं सांगायला नको. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली, टिळक मंडालेला गेले. व्याकरणाच्या दृष्टीने 'ही वॉज फाउंड गिल्टी' हे वाक्य चार शब्दांत पूर्ण झालं. सात आणि दोन हे आकडे त्यात मावत नाहीत, आणि ते मावू नयेत यासाठीच ही रचना आहे.

याच शहरातलं दुसरं प्रकरण तर सरावासाठी मुद्दाम रचल्यासारखं आहे. १९५९ मध्ये नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. आहुजा 'शॉट डेड', इथवर वाद नाही. सत्र न्यायालयातल्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवलं, 'नॉट गिल्टी'. न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि आता विशेषण लागलं ते ज्युरीच्या निकालालाच: 'पर्व्हर्स'. कायद्याच्या इंग्रजीत याचा अर्थ, पुराव्याकडे पाहून कोणत्याही शहाण्या माणसाने दिला नसता असा. म्हणजे विशेषण वाटायला बसलेल्यांच्याच कपाळी विशेषण. १९६० मध्ये उच्च न्यायालयाने नानावटींना 'गिल्टी' ठरवलं, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिल्यावर ते 'सेट फ्री' झाले. माणूस एक, गोळीबार एक, आणि पाच वर्षांत 'नॉट गिल्टी', 'गिल्टी', 'फ्री' अशी तीन विशेषणं. 'फाउंड' असं म्हणून जे हाती लागतं, ते पुन्हा हरवू शकतं, हे नवशिक्याने वहीत लिहून घ्यावं.

'डिक्लेअर्ड' त्या मानाने प्रामाणिक. शोध लावल्याचं सोंग तो करत नाही. जाहीर केलं, म्हणून झालं. पावसाळ्यापूर्वी मुंबईतल्या जुन्या इमारतींची यादी निघते आणि काही 'डिक्लेअर्ड डेंजरस' होतात. यादीच्या आदल्या रात्रीही भिंतीला तीच भेग होती. पण भेगेमुळे बिऱ्हाड हलत नाही, विशेषणामुळे हलवावं लागतं.

या क्रियापदाची ताकद कुठवर जाते ते आझमगढच्या लालबिहारींना विचारावं. कर्जासाठी कागद काढायला गेले, तेव्हा महसुली दप्तरात आपण मृत आहोत असं त्यांना कळलं. जमिनीसाठी काकाने लाच देऊन ही नोंद करवून घेतली होती. समोर उभा असलेला, बोलणारा, भांडणारा माणूस १९७५ पासून १९९४ पर्यंत 'डिक्लेअर्ड डेड' राहिला. त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं, आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला आणि जिवंतपणी मरणोत्तर कार्य केल्याबद्दल २००३ चं शांततेचं इग्नोबेल पारितोषिक मिळवलं. पाठाच्या दृष्टीने मुद्दा हा, की 'डेड' हे विशेषण काढायला डॉक्टर उपयोगी पडत नाही. ज्याने चिकटवलं त्यालाच शोधावं लागतं, आणि वाक्यात त्याचं नाव नसतं. काकाचं नाव कर्तरी प्रयोगात असतं तर एकोणीस वर्षं लागली नसती, असं मात्र मी म्हणणार नाही. तलाठ्याला व्याकरणाचं सोयरसुतक नसतं.

'प्रिझ्यूम्ड'कडे जाता जाता बघून ठेवा. १८७२ च्या पुरावा कायद्यात एक हिशेब होता: ज्यांना साहजिकच खबर लागली असती अशांना सात वर्षं एखाद्याची काहीच वार्ता नसेल, तर तो जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. नाहीतर तो 'प्रिझ्यूम्ड डेड'. नाहीतर तो 'प्रिझ्यूम्ड डेड'. सात वर्षांनी परतायचा बेत असलेल्यांनी मधे एखादं पोस्टकार्ड टाकलेलं बरं.

हे सगळं वाचून इंग्रजांच्या धूर्तपणाबद्दल आदर वाटू लागला असेल, तर जरा थांबा. आपल्याला यासाठी कर्मणी प्रयोगही लागत नाही. 'दार उघडं राहिलं.' 'आंबा आंबट निघाला.' 'तो दोषी ठरला.' राहणे, निघणे, ठरणे ही क्रियापदं दिसायला सरळ कर्तरी. दार स्वतःच राहतं, आंबा स्वतःच निघतो. दार उघडं टाकणारा आणि आंबे पारखून आणणारा मागच्या मागे पसार. इंग्रजाला 'वॉज' घालून जे करावं लागतं, ते मराठी पोर शाळेत जाण्याआधीच करतं. आईने 'दार उघडं कोणी टाकलं?' असं विचारलं, तरी उत्तर 'उघडं राहिलं' असंच येतं, आणि तिथे फक्त आईच कर्त्याचा आग्रह धरते. तेव्हा मराठी माणसाने इथे न्यूनगंड बाळगायचं कारण नाही. त्याला फक्त क्रियापदं बदलायची आहेत.

आता सराव. पुढच्या वाक्यांना इंग्रजी रूप द्या. प्रत्येकी दोन गुण. 'बाय' लिहिल्यास एक गुण कापला जाईल.

पहिलं: 'शिपायाने रात्री गेट उघडं टाकलं.' उत्तर: 'द गेट वॉज लेफ्ट ओपन.' शिपाई संघटनेचा सदस्य असेल तर या रूपाला पर्याय नाही.

दुसरं: 'सहीसाठी आलेला अर्ज साहेबांनी खणात टाकून दिला.' उत्तर: 'द अ‍ॅप्लिकेशन वॉज केप्ट पेंडिंग.' 'केप्ट'मध्ये काळजीने जपून ठेवल्याचा वास येतो, त्याचा फायदा घ्यावा.

तिसरं: 'माझ्या विरोधात उभा राहायला कोणी धजलं नाही.' उत्तर: 'आय वॉज इलेक्टेड अनअपोज्ड.' इथे विशेषणाने किती जणांना घरी बसवलं, ते मोजण्याचं काम परीक्षकाचं नाही.

चौथं, थोडं अवघड: 'साहेबांनी फाइल हरवली.' उत्तर: 'द फाइल वॉज फाउंड मिसिंग.' हरवलेली वस्तू सापडली कशी, असा प्रश्न परदेशी पाहुणा विचारील. त्याला चहा द्यावा. आपल्याकडे फाइल रीतसर शोधली जाते, तेव्हाच ती नसल्याचं सापडतं, आणि तसा शेरा मारून खाली सही करता येते. सहीच्या जागी नाव वाचता येऊ नये.