बंदुकीचं माहेरपण

सिंधुदुर्गात बंदूक हा शौक नाही, शेतीचा खर्च आहे. माडावर वानर, काजूत माकडं, भातात रानडुकरं आणि हल्ली कधी कधी पाहुणचाराला गवे. म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना आणि आजोबांच्या वेळची ठासणीची एकनळी. ती नातवाच्या नावावर चढवायला जेवढे कागद लागतात, तेवढ्या कागदांनी माडाचा बुंधा गुंडाळला असता तर वानर वर चढलाच नसता.

समजा, अशी एक बंदूक आमच्या कट्टा गावात बिघडली. दारू ठासली, छर्रे भरले, केप चढवली, चाप ओढला. आवाज आला ‘टिक्’. "घोडो पडता, पन बार उडणा नाय," मालक सांगतात. हे त्यांनी शेजाऱ्याला सांगितलेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ते वानरांच्या अख्ख्या टोळीला ठाऊक असतं. शेंड्यावर बसून कोवळी शहाळी खाली टाकायची आणि प्रत्येक शहाळ्यानंतर मालकाकडे बघायचं, असा कार्यक्रम सुरू होतो.

दुखणं खरं म्हणजे अर्ध्या तासाचं. खाऱ्या हवेने निपल गंजलंय, घोड्याची कमान सैल झालीय. कोयत्याला पाणी देणाऱ्या गावच्या लोहाराला हे डोळे मिटून जमेल. पण त्याने डोळे उघडे ठेवलेले बरे. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ : परवान्याशिवाय शस्त्र बनवायचं नाही, विकायचं नाही आणि दुरुस्तही करायचं नाही. २०१९ मध्ये शिक्षा वाढवली. आता किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. कायद्याची दुरुस्ती संसदेत एका अधिवेशनात उरकली. कमानीची तेवढी राहिली.

मग उरतं माहेर. नळीवरचा गंज खोबरेल लावून पुसला की अक्षरं उमटतात : मुंगेर, बिहार. अठराव्या शतकात मीर कासीमने मुर्शिदाबादहून राजधानी तिथे हलवली आणि इंग्रजांशी लढायला तोफा-बंदुकांचा कारखाना काढला. त्या गावाने ती विद्या सोडली नाही. परवान्याच्या बंदुका तिथे होतात, बिनपरवान्याच्या त्याहून प्रसिद्ध आहेत. मुंगेरहून गावठी कट्टा येतो, हे देशभरच्या पोलिसांना पाठ आहे. पण कट्ट्याहून मुंगेरला बंदूक चाललीय, तीही दुरुस्तीला, हे कोणत्या हवालदाराला पटवून द्यायचं?

सरकारी कारखान्याची बंदूक असलेल्यांनी फार हसू नये. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ पासून मोडीत निघालं आणि त्याच्या सात कंपन्या झाल्या. बंदुकांची कंपनी कानपूरला, दारूगोळ्याची पुण्याला. काडतुसांचं माहेर तेवढं खडकीला, हाकेच्या अंतरावर राहिलं. पण काडतूस दुरुस्तीला पाठवायची वेळ कोणावर येत नाही.

बरं, पाठवायची कशी? आंब्याच्या पेट्या, खाजा, सोलं, सुके बांगडे असं काहीही मुंबईला पोचवणारा काउंटरवरचा मुलगा लांबुळकं पार्सल बघून विचारतो, "काका, आत काय?" काका खरं बोलणारे. "बंदूक." मुलगा दोन पावलं मागे. "बिघडलेली हा रे, उडणा नाय!" या खुलाशाने तो आणखी दोन पावलं मागे.

म्हणजे न्यायची ती स्वतःच. दोन हजार किलोमीटरच्या वर प्रवास, मांडीवर बंदूक. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, आणि शेतीसंरक्षणाची बंदूक शेताच्या राखणीला दिलेली असते; ती बिहारात कोणतं शेत राखायला निघाली, याचा खुलासा अर्जात करावा लागणार. सोबत परवान्याची प्रत, बिघाडाचं कारण, कारखान्याचं पत्र. कारखान्याचं पत्र यायचं तर आधी कारखाना चालू हवा.

न्यू जर्सीतल्या भाच्याला हे फोनवर सांगावं तर तो हसतो. तिकडे म्हणे रायफल खोक्यात घालून पोस्टाने थेट कारखान्याला धाडतात आणि कारखाना दुरुस्त करून घरपोच परत करतो. करत असेल. त्या देशात बंदुकांचं जे काही चाललंय ते बघता त्यांच्या थोड्याफार बंदुका बिघडलेल्याच राहिल्या असत्या तर बरं, असं आम्ही मनात म्हणतो. फोन त्याच्या पैशाने चालू असतो.

आमची बंदूक घराबाहेर पडतच नाही, असं मात्र नाही. आचारसंहिता लागली की जमा करायचा आदेश निघतो आणि ती पोलीस ठाण्यात मुक्कामाला जाते. २०२४ चंच बघा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला : काजू, आंबा, फणस, सगळा हंगाम त्यात. विधानसभेची १५ ऑक्टोबरला, निकाल २३ नोव्हेंबरला : ऐन भातकापणी. निवडणूक आयोगाचं आणि रानडुकरांचं पंचांग एकाच छापखान्यातून निघत असावं. खरं तर कोणाचं शस्त्र जमा करायचं नि कोणाला सूट द्यायची, हे छाननी समितीने एकेक प्रकरण पाहून ठरवायचं असतं. समितीवर डुकरांचा प्रतिनिधी नसतो. पण त्यांची अजून तक्रार आलेली नाही.

ठाण्यातून परत आणताना बंदुकीचा नंबर ताडून बघतात. पाच वर्षांनी परवान्याच्या नूतनीकरणालाही नंबरच. नंबर जुळला की बंदूक ठणठणीत. व्हाइसरॉय लिटनसाहेबाच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याला हिंदी माणसाच्या हातात बंदूकच नको होती. आपल्या कायद्याने ती हातात दिली. ती चाललीही पाहिजे, असं मात्र कोणत्या कलमात सापडत नाही.

शेवटी काका बाजारात गेले आणि प्लास्टिकच्या पाइपची बंदूक घेऊन आले. कार्बाइडचा खडा, दोन थेंब पाणी, गॅसचा लायटर, आणि असा बार की वानर थेट पेंडूर गावात. परवाना नाही, नंबर नाही, आचारसंहितेत जमा करणं नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच खेळण्याने किती तरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली आणि तिकडे बंदीची धावपळ उडाली, हे काकांना सांगून बघितलं. काका म्हणाले, "माका म्हाईत हा. पन ही बिघडली तर मुंगेराक जावचा लागणा नाय. पाइप हार्डवेअरवाल्याकडेच गावता."