जुन्या मालाची कैफियत

आइंडहोवन, नेदरलँड्स
ता. ४ मे

तीर्थरूप नाना यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण स्वहस्ते लिहिलेले आणि शेजारच्या बंड्याकडून छायाचित्र काढवून व्हॉट्सॲपवर रवाना केलेले चार पानी पत्र पावले. तिसऱ्या पानावर बंड्याचा अंगठा आल्यामुळे काही मजकूर झाकला गेला असला, तरी आपल्या क्रोधाचे स्वरूप कळण्यास तेवढ्याने बाध आला नाही. डोंबिवलीची आपली इमारत पुनर्विकासात जाणार, श्रावणापूर्वी बिल्डरला ताबा द्यावयाचा, म्हणून घरातील ‘तमाम जुनाट खटारा’ भंगारवाल्यास किलोच्या भावाने देऊन नव्या घरात सर्व काही नवे घ्यावयाचे, हा आपला पहिला निर्णय. आणि युरोत पगार घेणाऱ्या आपल्या चिरंजीवाने मात्र परक्यांच्या घरातून उतरलेल्या वस्तूंवर बिऱ्हाड मांडले आहे, ही ठाण्याच्या काकूंनी येथून परतल्यावर दिलेली खबर खरी की खोटी, याचा लेखी खुलासा मागविणारा आपला दुसरा हुकूम. कल्याणच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थापुढे मोघम उत्तर ठेवले, तर ते ‘असमाधानकारक, फेरसादर करावे’ असा शेरा घेऊन परत येते, हे प्रगतिपुस्तकावर सही मागण्याच्या वयापासून ठाऊक असल्याने ही कैफियत कलमवार सादर करीत आहे.

कलम पहिले. खबर खरी आहे. ज्या ओक लाकडाच्या मेजावर हे पत्र लिहीत आहे ते मेज, त्याभोवतीच्या परस्परांशी कोणतेही नाते नसलेल्या चार खुर्च्या, कोपऱ्यातला पितळी दिवा, आपल्या सूनबाईंची गॅझेल सायकल आणि चि. मुक्ताची पुस्तकांची मांडणी, हे सर्व येथील ‘क्रिंगलोप’ म्हणविणाऱ्या दुकानांतून आलेले आहे. लोक नकोसे झालेले सामान तेथे विनामूल्य आणून देतात, दुकान ते तपासून, पुसून, माफक किमतीस विकते, आणि अन्यत्र सहजी नोकरी न मिळणाऱ्या अनेकांना त्या निमित्ताने काम देते. शिवाय २७ एप्रिल हा येथील राजाचा वाढदिवस. त्या दिवशी कोणाही प्रजाजनास परवान्यावाचून रस्त्याच्या कडेला चादर पसरून घरचे जुने सामान विकण्याची मुभा असते. गेल्याच आठवड्यात आमचे एक शेजारी, जे एरवी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असतात, डोक्यावर नारिंगी टोपी घालून स्वतःच्या कपबशा विकत बसले होते. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आईच्या पिशव्या धरता धरता झालेले माझे शिक्षण वाया जाऊ नये म्हणून मी अर्धा युरो कमी करावयास सांगितले, तेव्हा त्यांना अपमान तर वाटला नाहीच, उलट आपल्याला खरे गिऱ्हाईक भेटले याचा आनंद झाला. काकूंनी पाहिलेल्या कपबशा त्या नव्हेत. त्या तशाच दुसऱ्या.

कलम दुसरे. या मार्गास आम्ही केवळ काटकसरीने लागलो नाही. येथे आल्यावर प्रथम सर्व काही नवेच घेतले होते. त्यांत एक कपाट होते, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून त्यावर लाकडाचे चित्र चिकटविलेली एक कल्पना होती. ते पहिल्या घरात उभे राहिले. परंतु घर बदलताना सुटे करून पुन्हा जोडावयास घेतले, तेव्हा एकदा सैल झालेल्या भोकांनी स्क्रूंना आश्रय देण्याचे साफ नाकारले, आणि त्या दिवसापासून ते पाहुण्यांपुढे नम्रतेने किंचित झुकून उभे राहू लागले. कपडे धुण्याच्या यंत्राची कथा याहून शोचनीय. हमीची मुदत आणि यंत्राची प्रकृती यांचा परस्पर पत्रव्यवहार चालत असावा, असे वाटण्याइतक्या तत्परतेने, मुदत संपताच त्याने घुरघुरण्यास आरंभ केला. कारागीर आला, त्याने ड्रम एकदा हाताने फिरविला आणि निकाल दिला: बेअरिंग गेले आहे, बेअरिंग स्वस्त आहे, परंतु ज्या प्लॅस्टिकच्या टबात ते बसविले आहे तो कारखान्यातच वितळवून कायमचा सांधलेला असल्याने उघडता येत नाही, सबब अख्खा टब बदलावा, आणि टब अधिक मजुरी मिळून होणाऱ्या रकमेत नवे यंत्र येते. एवढे सांगण्याचे शुल्क घेऊन तो गेला.

त्या क्षणी मला मानपाडा रोडवरचा आपला मिक्सरवाला आठवला. कार्बन ब्रश झिजले आहेत, कपलर तुटला आहे की वाइंडिंग जळली आहे, हे तो यंत्राच्या नुसत्या आवाजावरून सांगत असे. पंख्याचा कंडेन्सर बदलून देई, आणि गिऱ्हाइकाच्या मनात किंतु राहू नये म्हणून काढलेला भाग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून परत करी. आपल्या घरातल्या वस्तू पिढी ओलांडून टिकल्या, त्याचे श्रेय आपण त्या काळच्या पोलादास देता. माझे म्हणणे असे की, वस्तूचे आयुष्य धातूत असते त्याहून अधिक ती उघडता येण्यात असते, आणि ती उघडणारा मनुष्य चालत जाण्याच्या अंतरावर असण्यात असते. येथे पोलाद आहे, परंतु स्क्रू नाहीत. आणि जेथे स्क्रू आहेत, तेथे मानपाडा रोड नाही.

कलम तिसरे. वस्तूंचे हे अल्पायुष्य सर्वस्वी दैवाधीन आहे असे मानू नये. त्यामागे कधीकधी रीतसर कबुलायतही असते, आणि तिचे एक टोक आमच्या याच गावात आहे. आइंडहोवन हे फिलिप्सचे गाव. १८९१ साली येथे विजेचे दिवे करण्यास प्रारंभ झाला आणि त्या उजेडात गावाचे शहर झाले. पुढे १९२४ साली जिनिव्हात जर्मनीची ओसराम, येथील फिलिप्स आणि इतर दिवेवाले एकत्र बसले, त्यांनी फीबस नावाचा संघ स्थापिला, आणि दिव्याची आयुर्मर्यादा हजार तासांवर आणण्याचे ठरविले; तत्पूर्वी दीड-दोन हजार तास जळणारे दिवे सर्रास मिळत. ज्याचा दिवा ठरल्यापेक्षा अधिक जगे, त्या कारखानदारास दंड होई. दीर्घायुषी तार मंद जळते आणि उजेडाच्या मानाने वीज अधिक खाते, हे त्यांचे समर्थन अगदीच निराधार नव्हते. परंतु निव्वळ ग्राहकाच्या डोळ्यांच्या काळजीने कोणी दंडाचे कोष्टक आखीत नाही. दुसऱ्या महायुद्धाने तो संघ मोडला. अमेरिकेत लिव्हरमोर येथील अग्निशामक केंद्रात १९०१ सालापासूनचा एक दिवा मात्र अजून मंदपणे तेवत आहे. त्याला या करारनाम्याची खबर कोणी दिली नसावी. याच फिलिप्सने पुढे आपल्या कळव्यासही कारखाना काढला होता, हे आपणांस स्मरत असेलच; तथापि कट त्यापूर्वीचा असल्याने ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत गुन्हा नोंदविता येत नाही.

कलम चौथे. यावर आपण शेरा माराल की, जुने ते सर्व सोने मानण्याचा हा भाबडेपणा आहे. तसे नाही. जुन्या काळीही रद्दड माल होता. तो मोडला, भंगारात गेला, आणि आपल्या विरुद्ध साक्ष देण्यास आज उरला नाही. पन्नास वर्षे टिकलेले शिवणयंत्र पाहून त्या पिढीतील सर्व यंत्रे तशीच होती असा निष्कर्ष काढणे, म्हणजे शंभरीच्या आजोबांना पाहून पूर्वी कोणी मरतच नसे असे म्हणणे होय. शिवाय आपला पहिला फ्रीज घेण्यासाठी किती पगार बाजूला पडत गेले, आणि नळाखाली चादरी आपटण्याचे काम त्या काळी कोणाच्या वाट्याला होते, हे आईस विचारावे. स्वस्त नव्या वस्तूंनी पुष्कळ घरांतील पुष्कळ हात मोकळे केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच आम्ही नियम असा ठेवला आहे की, जुना फ्रीज वीज फार खातो, तेव्हा फ्रीज आणि तत्सम यंत्रे नवी, परंतु सुटे भाग मिळतात याची खात्री करून घ्यावी. आणि लाकूड, लोखंड, पितळ, काच व सायकल यांत वापरलेला माल घ्यावा, कारण त्याची परीक्षा दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या खर्चाने, होऊन गेलेली असते. नव्या वस्तूची हमी कंपनी कागदावर देते. जुनीची हमी तिने आजवर काढलेले दिवस देतात.

कलम पाचवे. सरकारांनाही आता जाग येत आहे. युरोपीय संघाने २०२१ सालापासून धुलाईयंत्रांचे सुटे भाग दहा वर्षे आणि फ्रीजचे सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस त्यासाठी संकेतस्थळ उघडले. परंतु कायद्याआधी माणसे निघाली होती. मार्टिन पोस्टमा या बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये अॅमस्टरडॅम येथे पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरविला. तेथे जाणकार मंडळी मोबदल्यावाचून लोकांच्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतात, आणि मालकाने शेजारी बसून पाहावे अशी अपेक्षा असते. आता असे मेळे गावोगाव भरतात. आईने दिलेला मिक्सर बंद पडला तेव्हा मी तो तेथे नेला. एका वयोवृद्ध डच इंजिनिअराने तळाचे चारही स्क्रू उघडे दिसतात हे पाहून प्रथम समाधानाचा उद्गार काढला, झाकण उतरविले, आणि मोटारीभोवती साचलेल्या पिवळसर भुकटीचा वास घेऊन, हे कोणते वंगण, असे गंभीरपणे विचारले. ते दाण्याचे कूट होते. त्याने ब्रश बदलले, मी पेटीत ऐच्छिक रक्कम टाकली, आणि पुढील खेपेस त्या वंगणाचा एक लाडू त्याला नेऊन दिला.

कलम सहावे. वापरलेली वस्तू घरात आणणे हे कुळास कमीपणा आणणारे आहे, हा आपला आक्षेप मात्र दप्तराच्या आधारावर टिकत नाही. आपले गोदरेजचे कपाट बदली होऊन गेलेल्या जोशी मास्तरांकडून घेतलेले आहे. माझी क्रमिक पुस्तके अर्ध्या किमतीस पहिल्या इयत्तेपासून येत आणि त्यांवरील पूर्वीच्या मालकांची नावे खोडण्यात जून महिना जाई. दादाची विजार मला, माझी बंड्याच्या थोरल्या भावास, आणि त्यानंतर ती बोहारणीकडे जाऊन तिचे स्टीलचे पातेले होई, ज्यात आपण आजही आंघोळीचे पाणी काढता. ही परंपरा आपलीच. युरोपात मी तिचे केवळ नूतनीकरण केले आहे.

प्रार्थना. सबब विनंती अशी की, भंगारवाल्याच्या काट्यावर काहीही चढविण्यापूर्वी पुढील वस्तूंपुरती स्थगिती द्यावी: उषाचे पायाचे शिवणयंत्र, गोदरेजचे कपाट, सागवानी देव्हारा, पितळी घंगाळ आणि तो टेबलफॅन ज्याच्या जाळीत माझे बोट गेले होते. सोफा-कम-बेड खुशाल द्यावा. तो कधीच सोफा नव्हता आणि बेडही नव्हता. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांविषयी आपण किंवा मी हस्तक्षेप करू नये. तो सर्वस्वी आईच्या अखत्यारीतील विषय आहे. शिवणयंत्र आपण आज लोखंडाच्या भावाने दिलेत, तर भंगारवाल्याकडून ते मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जाईल, तेथे त्याला ‘पुरातन’ ही पदवी मिळेल, एखादा परदेशी प्रवासी ते कवतिकाने घेऊन येईल, त्याचा कंटाळा आल्यावर क्रिंगलोपला देऊन टाकील, आणि अखेर आपले चिरंजीव रांगेत उभे राहून ते युरो मोजून परत घेतील. हा वळसा टाळणे उभयपक्षी फायद्याचे आहे.

ती. सौ. आईस नमस्कार. चि. मुक्ता आपणां उभयतांस नमस्कार सांगते. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञांकित,
श्रीधर

ता. क. आमच्या हॉकिन्स कुकरची रबरी रिंग गेली आहे, आणि येथे ती कोणत्याही दुकानात नाही. कुकर आईच्या लग्नातला असला तरी तो वागळे इस्टेटीतल्या कारखान्याचा, तेव्हा रिंग ठाण्यात कोठेही मिळेल. झाकणाचे माप सोबतच्या कागदावर आखले आहे. येणाऱ्या कोणाबरोबर दोन पाठवाव्यात. रिंग मात्र नवीच असावी.