बेसवाले दाजी

डॉल्बी हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला पटणार नाही. इथं डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली पेट्यांची भिंत. तिच्यामागं वरात चालते आणि तिच्यापुढं म्हातारी माणसं छाती धरून घरात पळतात. रे डॉल्बी नावाच्या गृहस्थानं 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला. नको असलेला आवाज घालवण्यात ज्यानं उमेदीची वर्षं घालवली, त्याच्या नावानं आमच्याकडं पोलीस 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा'ची आवाहनं करतात. डॉल्बी 2013 साली गेले. एखाद्या अनंतचतुर्दशीला मलकापुरात येऊन गेले असते, तर त्याआधीच गेले असते.

आमचे दाजी म्हणजे याच डॉल्बीची घरगुती आवृत्ती. असा एक दाजी बांबवड्यापासून आंब्यापर्यंत शाहूवाडी तालुक्यातल्या कुठल्याही गावात सापडेल. ओळखायची खूण सोपी. वरच्या खिशात टेस्टर, आणि पेटी दिसली की तिच्यावर तळहात ठेवायचा, डॉक्टरनं पोट चाचपावं तसा. लग्नाला जाऊन आल्यावर जेवण कसं होतं विचारा, उत्तर येतं, "मटण झ्याक हुतं, पर बेस फाटत हुता." नवी गाडी घेतलेल्या पाहुण्याला मायलेज न विचारता ते दाराच्या पत्र्यावर टिचकी मारतात आणि मान हलवतात. "आवाज कानानं ऐकायचा नसतोय पावणं," हे त्यांचं आवडतं वाक्य. "कानानं भांडण ऐकायचं. आवाज छातीनं ऐकायचा."

शाळेत असताना त्यांनी टेपचा स्पीकर पाण्याच्या माठाच्या तोंडावर पालथा घातला होता. माठात घुमून आवाज भारदस्त होतो हा शोध खेडोपाडी पुष्कळांनी आपापला लावलेला आहे. दाजींच्या आईला मात्र तो शोध उन्हाळ्यात, तहान लागल्यावर लागला. माठ फुटला तो स्पीकरनं नव्हे.

त्यांचे वडील, आबा, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. बेसचं वेड घरात आलं ते तिथूनच, असा माझा अंदाज आहे, पण आबांना तो मान्य नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापली की थाप खोल उतरते. आबा अजून तेवढ्यावर भागवतात. "मूठभर कणकंत हुणारं काम," ते म्हणतात, "त्येला ह्यानं म्हशीचा फरक घातला."

ते खरं होतं. दिवाळीला दूध संस्थेतून जो दरफरक मिळाला, तो सगळा होम थेटरात गेला. कोल्हापुरातून खोकं आलं ते वडापच्या टपावर बसून. त्यात पाच लहान पेट्या आणि एक थोरली, पाच पिल्लं आणि एक कोंबडी. कंपनी याला 5.1 म्हणते. पाच स्पीकर सगळा आवाज काढतात, थोरल्या डब्याकडं मात्र 120 हर्ट्झच्या खालचा तळाचा गाळ तेवढा येतो, म्हणून त्याला पुरता एक न मोजता पॉइंट एक म्हणतात. दाजींना हा धडधडीत अन्याय वाटला. "पाच जण नुसते बोलत्यात," ते म्हणाले. "काम ह्यो एकटाच करतोय."

काम कुठलं, हेही ठरलेलं होतं. दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' 2022 साली आला तेव्हा दाजींनी तो मोबाइलवर बघितला होता आणि तोफेच्या प्रसंगाला त्यांचं मन खट्टू झालं होतं. पावनखिंड आमच्या तालुक्यात. विशाळगड आमच्या तालुक्यात. आणि तोफ वाजावी लवंगी फटाक्यासारखी? 1660 च्या जुलैत महाराज गडावर पोचल्याची खूण म्हणून तोफा झाल्या, त्या कानी पडल्यावरच बाजीप्रभूंनी देह ठेवला, हे इथं पोरासोरांना ठाऊक आहे. दाजींनी त्यातून शास्त्र काढलं होतं. "गडावरनं खिंडीत ऐकू का गेलं? बेस! तितं सनई वाजिवली असती तर गेली असती व्हय ऐकू?" मी गप्प बसलो, कारण माणूस बरोबर बोलत होता. बारीक आवाज हवेत आणि झाडोऱ्यात विरून जातो. जाडा आवाज डोंगराला वळसा घालून पुढं जातो.

दुकानदारानं जाताना सांगितलं होतं, "थोरला डबा कुठंही ठेवा." हे अर्धंच खरं. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेनं येतोय हे कानाला उमगत नाही, म्हणून डबा टीव्हीशेजारी असलाच पाहिजे असं नाही. पण दिशा कळत नाही याचा अर्थ जागेनं फरक पडत नाही असा नव्हे. दाजींनी मात्र 'कुठंही' हा शब्द शिरोधार्य मानला.

पहिल्यांदा डबा सोप्याच्या उजव्या कोपऱ्यात बसला. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून आवाजाला रेटा देतात, तो चांगला दणकून वाढतो. वाढला. पण भिंतीपलीकडं गोठा. तिसऱ्या दिवशी ताई चरवी घेऊन सोप्यात आली आणि चरवीचा तळ दाजींना दाखवला. "अवो, म्हस पान्हा चोरायलीया. डबा हालवा, न्हाईतर धारंला तुमी बसा." जिच्या दुधावर डबा आला तिनंच असहकार पुकारल्यावर इलाज नव्हता. डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला गेला, तर मांडणीतली भांडी एकमेकांना भेटायला निघाली. देव्हाऱ्याखाली ठेवला, तर घंटी आपोआप वाजली आणि आबांनी झोपेतच हात जोडले. चौथी भिंत शेजाऱ्यांशी सामायिक. ते कडेला येऊन म्हणाले, "आमची कौलं सरकायलीत, बाकी काय तक्रार न्हाई."

आणि या सगळ्यात खरं दुखणं निराळंच होतं. म्हशीला बेस मिळत होता, मांडणीला मिळत होता, देवाला मिळत होता, मागच्या भिंतीला घोंगडं टाकून पडलेल्या आबांना तर भरपूर मिळत होता. मिळत नव्हता तो फक्त दाजींना. सोप्याच्या मधोमध मांडलेल्या सोफ्यावर ते छाती पुढं काढून बसत, तोफेचा प्रसंग येई, आणि तोफ फुस्स. "पीस खराब हाय," ते म्हणाले. डब्यामागं 0 आणि 180 असं लिहिलेलं एक बटण होतं, ते त्यांनी इतक्या वेळा खालीवर केलं की त्यावरचे आकडे पुसट झाले.

मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर. बी.एस्सी. झालेला मेव्हणा अशाच वेळी आठवतो. मी पोचलो तेव्हा दाजी जमिनीवर होते. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं होतं की डबा स्वतःच्या जागेवर, म्हणजे सोफ्यावर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथं बेस छान लागेल तिथं डबा न्यायचा. युक्ती खोटी नाही, जगभर लोक अशी रांगतात. डबा सोफ्यावर मांडी घातल्यासारखा बसला होता. लुंगी वर खोचून, गाल फरशीला लावून दाजी टीव्हीच्या टेबलाखालून बाहेर येत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला दारात आल्या.

"काय हरवलंय वो?"

"बेस," दाजी म्हणाले, मान वर न करता.

काकूंनी पदर खोचला आणि त्याही वाकल्या. "सोन्याचा हुता काय?"

तासभर रांगून गुडघे सोलले, बेस कुठंच गवसला नाही. तेव्हा मी ताईकडून परात मागितली, त्यात पाणी घेतलं. "दाजी, गुऱ्हाळावर काहील हलली की रस कसा डचमळतो?" मी परात हळूच झुलवली. पाणी एका काठाला चढलं, मग दुसऱ्या काठाला. "आता मधी बघा." मध्यावर पाणी जवळजवळ हलत नव्हतं. सोपा चौदा फूट लांब. 40 हर्ट्झच्या आवाजाची लाट अठ्ठावीस फुटांची, म्हणजे तिची बरोबर अर्धी या खोलीत मावते आणि परातीतल्या पाण्यासारखी दोन्ही भिंतींवर चढउतार करते. मध्यावर तिचा जोर जवळपास शून्य. तिथंच डबा ठेवून रांगलं तर ती लाट उठायचीच नाही, म्हणून कुठं काही सापडलं नव्हतं. "डब्याचा दोष नाही. सोफा चुकलाय."

दाजी परातीकडं बघत राहिले. मग स्वतः तिच्या काठाला बोट लावून दोनदा झुलवली. "म्हंजे म्या पैसं भरलं," ते सावकाश म्हणाले, "आनि बसलोय पान्यात कोरडा."

सोफा मागच्या भिंतीला न्यायचा म्हटलं तर तिथं माजघराचं दार. दाराशेजारी उरलेल्या जागेत एक माणूस घोंगडं टाकून मावतो, आणि तो माणूस गेली तीस वर्षं ठरलेला आहे. आबांना विचारायचं धाडस ताईनं केलं. आबांनी एवढंच विचारलं, "सोफ्यावर ह्येचं धुमधडाम कमी लागतंय?"

"जवळजवळ नाहीच लागत," मी म्हणालो.

"मग एवडं दीस का सांगितलं न्हाईसा?" म्हणत त्यांनी उशी काखोटीला मारली.

डबा टीव्हीकडच्या डाव्या कोपऱ्यात गेला, गोठ्यापासून लांब. रात्री जेवणं झाल्यावर 'पावनखिंड' लागला. दहाच्या आत तोफा उरकायच्या, ही ताईची अट. वीस हजारांच्या सोफ्यावर आबा आडवे, आणि सोफ्याचे मालक खाली घोंगड्यावर, भिंतीला पाठ लावून. तोफ झाली. दाजींच्या पाठीतून ती वर चढली. त्यांचे डोळे मिटले, हात आपोआप छातीवर गेला. बराच वेळ ते बोलले नाहीत.

त्या शांततेत आबांचं घोरणं ऐकू आलं, एरवी कौलांपर्यंत पोचणारं, पण आज अगदीच बारीक. दाजींनी एक डोळा उघडला.

"बगा पावणं. जागाच खराब हाय ती. आबांचा बी बेस खाल्ला तिनं."