आधी विचारा, मग सांगते

पुण्यात स्वतःच्या श्रद्धेबद्दल बोलायला कुणालाच संकोच वाटत नाही. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तळमजला ते चौथा मजला एवढ्याशा प्रवासात मला आजवर गजानन महाराजांची प्रचिती, विपश्यनेचे फायदे, सोळा सोमवारांची फलश्रुती आणि एका गुरूंच्या शिबिराचं पत्रक (लवकर नाव नोंदवल्यास सवलत) हे सगळं मिळालेलं आहे. मी मराठी ख्रिस्ती, माहेर-सासर दोन्ही नगरचं. माझं मात्र चौथा मजला येईपर्यंत ‘आज उकडतंय फार’ याच्या पुढे गाडं सरकत नाही.

आमचे पाळकसाहेब नाताळ जवळ आला की एक उपदेश हमखास करतात : साक्ष द्या. असाल तिथं द्या. दुकानात, बसमध्ये, नळावर. नळ घरात आले ही वार्ता त्या उपदेशापर्यंत अजून पोचलेली नाही. पण खरी अडचण नळाची नाहीच. हल्ली पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक नुसतं डोकावलं तरी एसटीत शेजारचा माणूस सावरून बसतो. ‘किती देतात हो महिन्याला?’ असं तोंडावर विचारणारेही भेटतात. ‘देत नाहीत, घेतात. वर्गणी असते,’ असं मी सांगते. यावर आजपर्यंत एकाचाही विश्वास बसलेला नाही. धर्मात पदरचे पैसे जातात हे एरवी सगळ्यांना ठाऊक असतं, पण आमच्या बाबतीत मात्र पुरावा लागतो.

माझी आजी मिशनची बायबल वूमन होती, नगर जिल्ह्यातली खेडी पायी फिरायची. तिला हा त्रास नव्हता, कारण ती बोलायला सुरुवातच करत नसे. गावात शिरायची, ओसरीवर कुणी बाई ज्वारी निवडत बसलेली दिसली की समोर फतकल मारायची आणि सूप आपल्याकडे ओढून खडे काढू लागायची. पायलीभर ज्वारी निवडून झाल्यावर ती बाईच विचारायची, ‘कोन गं तू? कुनाकडची?’ मग आजी सांगे, कोण आणि कुणाकडची. आता मॉलमध्ये निवडलेली ज्वारी मिळते. धर्मप्रसाराचं केवढं नुकसान झालंय, याचा विचार कुणी केलेला नाही.

आजीच्या पद्धतीला बायबलचाच आधार आहे. पेत्रानं आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की, तुम्ही कशाच्या आशेवर जगता असं कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, आणि ते देताना नरमाईनं द्या. म्हणजे आधी कुणीतरी विचारायला हवं. पेत्राचा हा बारकावा मला फार आवडतो. माझ्यासारख्या भिडस्त बाईची त्यानं दोन हजार वर्षं आधीच सोय करून ठेवली आहे.

प्रश्न विचारले जातात, नाही असं नाही. तुम्ही मूळच्या गोव्याच्या का? मग आडनाव शिंदे कसं? घरात मराठीच बोलता? मंगळसूत्र चालतं का तुमच्यात? पोप तुमचे कोण लागतात? (कुणी नाही, आम्ही प्रॉटेस्टंट. पण हे समजावायला तीस मजल्यांची इमारत हवी.) नाताळात मी करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांची ताटं घरोघर पोचवते, तेव्हा तर माणसं उघड हिरमुसतात. त्यांना केक हवा असतो, आणि आवाज खाली आणून पुढचा प्रश्न येतो, ‘त्यात ते असतं ना?’ ते नसतं. मग आशेचं कारण कोण कशाला विचारतंय.

शेवटी कोंडी फोडली ती शेजारच्या जोशीकाकूंनी. एका रविवारी आमच्याकडे पेटी, तबला, टाळ घेऊन मंडळी भजनाला बसली होती. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘एकादशी आहे का गं आज? कॅलेंडरात तर दिसत नाही.’

‘नाही काकू, आमची उपासना आहे.’

‘मग अभंग कसे? तुकारामांचे?’

‘टिळकांचे.’

काकूंनी कपाळाला हात लावला. ‘लोकमान्यांनी अभंगसुद्धा लिहिले?’

तर हे टिळक म्हणजे नारायण वामन. दोघेही चित्पावन, दोघेही रत्नागिरीकडचे, वयात जेमतेम पाच वर्षांचं अंतर. त्यामुळे काकूंचा दोष नाही. मी त्यांना आत बसवून आगगाडीची गोष्ट सांगितली. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा साहेब भेटला. त्यानं लगेच धर्माचं नाव काढलं नाही, आधी संस्कृत कवींवर गप्पा मारल्या. उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण ते वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोचले आणि तिथंच अडकले. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा.

‘आणि बायको?’ काकूंनी विचारलं.

‘लक्ष्मीबाईंना आधी कल्पना नव्हती.’

‘न सांगता?’ काकूंचा आवाज असा चढला की तबला थांबला. पुढचा अर्धा तास टिळकांची जी हजेरी घेतली गेली, तिच्यात परमेश्वरालाही मध्ये पडता आलं नसतं. मी निमूटपणे लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ काढून काकूंच्या हातात दिलं. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत कशा राहिल्या, परत नवऱ्याकडे आल्यावरही आपलं सोवळं कसं सांभाळत होत्या, आणि मग स्वतःच्या विचारानं १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा कसा घेतला, हे सगळं काकूंनी दुपारची झोप मोडून वाचलं.

आता काकू हास्यक्लबात सगळ्यांना ही गोष्ट सांगतात. त्यांच्या कथनात साहेब थेट विलायतेहून आलेला असतो, आणि लोकमान्य हे नारायणरावांचे चुलतभाऊ. मी दुरुस्त्या करत नाही. आमच्या चर्चमध्ये कुणालाही एवढे श्रोते मिळत नाहीत.

परवा घंटागाडीची वाट बघत आम्ही फाटकाशी उभ्या होतो. काकूंकडे ओला कचरा, माझ्याकडे सुका.

‘करुणा, मला एक सांग. त्या डोंगरावर तुमचा येशू असं म्हणाला तरी काय, की चांगला शिकलेला माणूस घरदार सोडून निघाला?’

विचारलं होतं! मी बादली खाली ठेवली. नाटकाची नांदी म्हणण्याआधी करतात तसा घसा साफ केला, आणि तयार ठेवलेलं सगळं उत्तर तिथल्या तिथे विसरले. सुचलं ते एवढंच, ‘शत्रूवरसुद्धा प्रेम करा म्हणाला.’

काकूंनी समोर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी नेहमीप्रमाणे काकूंच्या पार्किंगमध्ये तिरकी लावलेली होती.

‘ह्यांच्यावरसुद्धा?’

‘हो.’

‘तुला जमतं?’

‘अजून तरी नाही.’

‘हां, मग ठीक आहे,’ काकू म्हणाल्या. ‘मला वाटलं, मलाच जमत नाही की काय.’ आणि घंटागाडी दिसताच माझ्या आधी नंबर लावायला पुढे सरसावल्या.