विशेषणवाले काका

निवृत्तीनंतर काशीदला घर बांधून राहणाऱ्यांत हल्ली एक नवी जात दिसते: जावयाची भाषा शिकणारे काका. लेक बार्सिलोनात, जावई तिथलाच, त्याची भाषा कातालान. "त्यापेक्षा स्पॅनिश शिका की," असं कोणी म्हटलं की काका उसळतात. "हुकूमशहा फ्रँकोने कातालानला शाळा-कचेऱ्यांतून हाकललं होतं, ठाऊक आहे?" हे ते मुरूडच्या रिक्षावाल्याला सुनावतात. तो बिचारा सुट्टे पैसे शोधत असतो.

सध्या विशेषणं चालू आहेत. एका 'चांगल्या'ची चार रूपं: बो, बोना, बोन्स, बोनस. जन्म बँकेत गेल्यामुळे चौथं रूप म्हणताना काकांचा चेहरा खुलतो. विशेषण बहुधा नामानंतर येतं, म्हणून सकाळच्या फेरीत ते आधी वस्तू गाठतात, मग तिला गुण चिकटवतात. वाळू दिसली, सोर्रा ब्लांका. सुरू दिसला, आर्ब्रा आल्त. सरावासाठी ते एकदा कोर्लईलाही जाऊन आले. तिथली नोलिंग बोली पोर्तुगीजातून निघालेली, म्हणजे कातालानची चुलत बहीणच. काकांनी चार विशेषणं फेकली. समोरच्याने स्वच्छ मराठीत विचारलं, "कोणाकडे आलात?"

दारात कोळीण येते तेव्हा तर परीक्षाच. टोपलीवर वाकून काका पुटपुटतात, "पेश... फ्रेस्क. सार्डीना... फ्रेस्क? नाही, फ्रेस्का!"

"काका, बांगडा ताजा, सुरमई ताजी, पापलेट ताजं," ती एका दमात तिन्ही लिंगं उरकते. "काय देऊ?"

काका थक्क. कातालानला लिंगं दोनच, तरी त्यांची वही भरत आली आहे.

खरी गंमत जेवताना. आख्ख्या संसारात काकूंच्या आमटीला 'मीठ बरोबर आहे' यापलीकडे विशेषण मिळालेलं नाही. आता सोलकढीचा घोट घेतला की काका डोळे मिटून म्हणतात, "बोना!" बांगड्याला 'बो', भाकऱ्यांना 'बोनस'.

"हेच एकदा मराठीत म्हणा," काकू वाढता वाढता म्हणतात.

काका लगेच वही उघडतात. 'छान' लिंगाने बदलत नाही, वचनाने बदलत नाही, पाठ करायला एकच रूप. पण तो धडा त्यांच्या पुस्तकात नाही.